टी-३४-८५: जोडणीपासून चिखलापर्यंत

मित्रहो, आज बोलायचं आहे ते १:३५ प्रमाणातल्या टी-३४-८५ च्या प्लास्टिक मॉडेलबद्दल. १९४४ मध्ये लढाईत उतरलेला हा सोव्हिएत रणगाडा मुद्दाम निवडला, कारण कुठे काय झिजतं आणि कशामुळे, हे त्याच्या अंगावर अगदी स्वच्छ वाचता येतं. मॉडेलवरच्या कुठल्याही डागाला ‘तू इथेच का?’ असं विचारलं तर उत्तर मिळायला हवं. ते मिळत नसेल तर तो डाग काढून टाका, कितीही छान जमलेला असला तरी.

आधी माप डोक्यात बसवा. मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवरचे ३५. रंग उडाल्याचं दाखवायला ब्रशच्या टोकानं सहज पडलेला २ मिलिमीटरचा टवका खऱ्या रणगाड्यावर ७ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे जवळजवळ तळहाताच्या रुंदीचा. ८५ मिलिमीटरच्या तोफेचं तोंड मॉडेलवर साधारण २.४ मिलिमीटरचं असायला हवं. किटमध्ये ते बुजलेलं असेल तर त्या मापाच्या ड्रिल बिटनं हातानं कोरून घ्या. नळी दोन अर्ध्या भागांची असेल तर सांधा नीट वाळू द्या आणि सँडपेपर नळीभोवती गोल फिरवा. लांबीच्या दिशेनं घासलं की सांध्यावर सपाट पट्टा पडतो आणि रंग चढल्यावर तो लपत नाही.

जोडणीचं बाकीचं काम किटच्या कागदावर असतंच. दोन गोष्टी मात्र त्यात सहसा नसतात. पहिली म्हणजे बुरुजाचा पोत. टी-३४-८५ चा बुरुज ओतीव पोलादाचा, धड मात्र लाटलेल्या पत्र्यांचं. म्हणून बुरुज खरबरीत आणि धड गुळगुळीत दिसायला हवं. बुरुजावर प्लास्टिकचा द्रव सिमेंट हातभर जागेत लावू नका, नखाएवढ्या जागेत लावा. अर्धा मिनिट थांबा आणि जुन्या ताठ ब्रशनं उभं टोचा. वाळल्यावर ६०० नंबरच्या सँडपेपरचा हलका हात फिरवला की उंचवटे बसतात. इथेही माप विसरायचं नाही. अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा म्हणजे खऱ्या बुरुजावर पावणेदोन सेंटिमीटरचं टेंगूळ.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्रॅकची झोळ. टी-३४ ला वरच्या बाजूनं ट्रॅक तोलणारे छोटे रोलर नाहीत, त्यामुळे वरचा ट्रॅक थेट मोठ्या चाकांवर टेकतो आणि चाकाचाकांमध्ये किंचित खाली येतो. मऊ रबरी ट्रॅक तारेसारखा ताठ राहतो आणि तिथेच सगळं मॉडेल खेळण्यासारखं दिसू लागतं. कड्या जोडून करायचा ट्रॅक घेतला तर एका बाजूला साधारण ७२ कड्या लागतात. त्या सरळ पट्टीला लावून सिमेंट करा आणि अर्ध्या तासानं, सांधे वाकतील पण सुटणार नाहीत अशा अवस्थेत, चाकांवर गुंडाळा. वरच्या भागावर कापसाचे बोळे दाबून रात्रभर ठेवा. चाकं आणि ट्रॅक धडाला कायमचे चिकटवू नका, रंगवताना ते वेगळे निघायला हवेत.

रंगाचं थोडक्यात सांगतो. प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला थर, आवश्यकच, कारण पितळी पत्र्याच्या भागांवर नुसता ॲक्रिलिक टिकत नाही. एअरब्रशला ०.३ मिलिमीटरचं नोझल, १५ ते २० पीएसआय दाब, दुधाइतका पातळ रंग आणि ८ ते १० सेंटिमीटर अंतर. पृष्ठभाग रवाळ आला तर रंग पोहोचण्याआधीच हवेत वाळतो आहे असं समजा आणि जवळ या किंवा थिनर वाढवा. ४बीओ या सोव्हिएत सैन्याच्या हिरव्या रंगाचा पहिला थर सगळीकडे द्या, मग त्यातच थोडा पिवळट रंग मिसळून आकाशाकडे तोंड असलेल्या पृष्ठांवर फवारा.

सर्वांत जास्त मॉडेलं बिघडतात ती यापुढच्या टप्प्यावर, आणि कारण रसायनाचं असतं. खालचा थर विरघळवू शकणारं द्रावण वरच्या थरात वापरायचं नाही. खाली ॲक्रिलिक, वर ॲक्रिलिक वार्निश, ते पूर्ण वाळलं की मगच इनॅमल किंवा तैलरंगाचा वॉश. वॉश म्हणजे खाचा गडद करणारं पातळ मिश्रण: एक भाग गडद तपकिरी रंग आणि दहा-पंधरा भाग व्हाइट स्पिरिट, म्हणजे तैलरंगाचं थिनर. तो अख्ख्या गाडीवर ओतायचा नसतो. बारीक ब्रशचं टोक बोल्टच्या बुडाशी किंवा वेल्डच्या कडेला टेकवा, द्रव आपोआप खाचेतून पळतो. मॅट पृष्ठावर तो पसरून डाग पडतो, म्हणून त्याआधीचं वार्निश चकचकीत किंवा निदान सॅटिन हवं. व्हाइट स्पिरिटचं डबकं सांध्यात साचू देऊ नका. ताणाखाली बसवलेला भाग, उदाहरणार्थ जबरदस्तीनं वाकवलेला पत्रा किंवा घट्ट बसलेला चाकाचा आस, त्यानं ठिसूळ होऊन मोडतो. आणि खोलीची खिडकी उघडी ठेवा, फवारताना मास्क लावा.

हिवाळ्यातली गाडी करायची असेल तर पांढरा थर हेअरस्प्रेवर चढवा. हिरव्यावर वार्निश, त्यावर हेअरस्प्रेचे दोन पातळ थर, मग पातळ पांढरा ॲक्रिलिक, तोही असमान. वीस-तीस मिनिटांनी कोमट पाण्यानं भिजवून ताठ ब्रशनं घासा. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर पांढरा कडक होतो आणि मग सालपटं निघतात. हिरव्यावर वार्निश द्यायचं राहिलं तर पांढऱ्याबरोबर तोही निघतो.

कुठे घासायचं? टी-३४ च्या पाठीवर बसून पायदळ जात असे, त्यासाठीच धडाला आणि बुरुजाला पकडायचे दांडे होते. म्हणजे दांडे, त्यांच्या खालचा पत्रा, इंजिनावरच्या भागाच्या कडा आणि चालकाच्या झाकणाभोवतीची जागा आधी झिजणार. बुरुजाच्या बाजूच्या उभ्या भिंतीवर मधोमध टवके पाडायला काहीच कारण नाही. धडाच्या बाजूच्या इंधनाच्या पिंपांवर, टोपणाखाली, डिझेलचे गडद आणि किंचित चकाकणारे ओघळ घाला. मागच्या दोन धुराड्यांच्या तोंडाशी काजळी येईल. गंज धुराड्यांवर आणि ट्रॅकवर ठेवा. चिलखतावरच्या टवक्याला काळपट तपकिरी रंग पुरतो, तिथे नारिंगी लावला की गाडी भंगारातली वाटते.

चिखलासाठी पिगमेंट (रंगाची कोरडी पूड), थोडं प्लास्टर आणि ॲक्रिलिक रेझिन. सुका, फिकट चिखल आधी आणि जास्त. ओला, गडद चिखल त्यावर आणि कमी. जागा: चाकांमागची धडाची बाजू, फेंडरच्या खालचा भाग, मागचा खालचा पत्रा. नुसतं कोरडं पिगमेंट घट्ट बसवायचं असेल तर व्हाइट स्पिरिटचा थेंब कडेला सोडा आणि तो आत शोषू द्या. वर ब्रश फिरवला तर सगळं पुसलं जातं. ओलं असताना ते फार गडद दिसतं, घाबरून आणखी पिगमेंट टाकू नका. दुसऱ्या दिवशी रंग पूर्वीसारखा फिकट होतो.

ट्रॅक वाळल्यावर शेवटी मऊ ग्रॅफाइटची पेन्सिल घ्या. बाहेरच्या बाजूला जमिनीला टेकणारे उंचवटे घासा. आतल्या बाजूला मधल्या दातांच्या दोन्ही अंगांना हलका हात, कारण मागचं चालक चाक त्या दातांनाच धरून ट्रॅक ओढतं. रबरी कडांची चाकं जिथून जातात ते दोन पट्टे किंचितच उजळ ठेवा, पोलादी कडांच्या चाकांइतके लखलखीत नकोत. ही चकाकी चिखलाआधी आणली तर पिगमेंटखाली जाते आणि पुन्हा घासायची वेळ येते.