गिनी-बिसाऊ: काजूच्या बीवर चालणारा देश

(हातात दोन काजूबिया, कॅमेऱ्याजवळ धरून)

नमस्कार मंडळी. या दोन बिया नीट बघा. ही मोठी, टपोरी, आपल्या वेंगुर्ल्याकडची. आणि ही दुसरी, अंगानं लहान. अशा दोनशेहून जास्त बिया एका किलोत बसतात. ही आलीय पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ नावाच्या देशातून. सिंधुदुर्गात किंवा चंदगडला ज्यांचा काजूचा कारखाना आहे, त्यांना हे नाव नवीन नाही. कोकणात पिकणारी बी वर्षभर पुरत नाही, मग आफ्रिकेची बी मागवावी लागते. तुमच्या काजूकतलीत या देशाचा गर कधी ना कधी येऊन गेला असणार. म्हणून आज या देशाबद्दल जरा सविस्तर बोलूया.

आधी नावाचा घोळ मिटवू. आफ्रिकेत तीन गिनी आहेत. एक नुसता गिनी, त्याची राजधानी कोनाक्री. दुसरा इक्वेटोरियल गिनी, तो बराच खाली दक्षिणेकडे. आणि तिसरा हा, राजधानीचं नाव सोबत घेऊन फिरणारा. उत्तरेला सेनेगल, पूर्वेला आणि दक्षिणेला गिनी, पश्चिमेला अटलांटिक. क्षेत्रफळ 36,125 चौरस किलोमीटर, म्हणजे केरळपेक्षा थोडं कमी. लोकसंख्या वीस लाखांच्या जरा वर. आपल्या एखाद्या जिल्ह्यात याहून जास्त माणसं राहतात.

नकाशा जवळ आणला की किनारा फाटक्या पदरासारखा दिसतो. काशेऊ, मानसोआ, जेबा, कोरुबाल या नद्यांची रुंद मुखं आणि त्यांत भरतीचं पाणी पार आतवर शिरतं. सगळीकडे खारफुटी. जमीन इतकी सखल की डोंगर म्हणावं असं काही शोधायला आग्नेय टोकाला बोएच्या बाजूला जावं लागतं, आणि तिथंही टेकाडंच.

या खाजणात बालांता नावाचे लोक शेकडो वर्षं भात पिकवत आले आहेत. त्यांची पद्धत सांगतो, कारण ती ऐकून रायगडच्या किंवा गोव्याच्या माणसाला घरचंच काही ऐकल्यासारखं वाटेल. खारफुटी तोडायची, चिखलाचा बांध घालायचा, भरतीचं पाणी बाहेर अडवायचं. मग काही पावसाळे नुसती वाट बघायची, पावसाच्या पाण्यानं मीठ धुवून निघेपर्यंत. बांधातून पाणी सोडायला पोकळ केलेलं झाडाचं खोड बसवतात. आपल्याकडे रायगडात जिला उघाडी म्हणतात, गोव्यात मानस, तिचीच ही साधी बहीण. बैल नाही, नांगर नाही. वल्ह्यासारखं लांब दांड्याचं लाकडी फावडं, टोकाला लोखंडी पातं, आणि ते घेऊन पुरुषांची रांग चिखलात उभी. या शेताला तिथं 'बोलान्या' म्हणतात. बांध एकट्याचा नसतो. तो फुटला तर साऱ्या गावाचं भात जातं, म्हणून दुरुस्तीला सारं गाव उतरतं.

बालांतांशिवाय फुला, मांदिंगा, मांजाको, पपेल, बियाफादा असे पुष्कळ समाज आहेत. मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आपल्या पूर्वजांचे देव पुजणारेही खूप. सरकारी भाषा पोर्तुगीज, पण बाजारात ती फारशी ऐकू येत नाही. तिथं क्रिओल चालते, पोर्तुगीज शब्द आणि आफ्रिकन व्याकरणाची वीण यांतून झालेली. कुणी भेटलं की विचारतात, 'कुमा दी कुर्पू?' शब्दशः, अंग कसं आहे? किती छान आहे हे! आणि काजूला ते काय म्हणतात? काजूच. मूळ शब्द ब्राझीलच्या तुपी लोकांचा. पोर्तुगीज जहाजांनी झाड आणि नाव दोन्ही उचललं, गोव्यात आणलं, आफ्रिकेतही नेलं.

समुद्रात बिजागोस बेटं आहेत, ऐंशीच्या वर. कायमची वस्ती जेमतेम वीसेक बेटांवर. बाकीची शेतीपुरती, विधींपुरती, काही तर पवित्र म्हणून राखलेली. पोइलाओ बेटावर हिरवी समुद्री कासवं हजारोंनी अंडी घालायला येतात. ओरांगो बेटावर पाणघोडे खाऱ्या पाण्यात उतरतात. 2025 मध्ये युनेस्कोनं या बेटांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. माझ्या मते त्याचं श्रेय आधी तिथल्या देवराया राखणाऱ्या बायाबापड्यांचं.

आता इतिहास, आणि तोही एका शेतकी तज्ज्ञाचा. अमिल्कार काब्राल. जन्म 1924, बाफाता गावात. लिस्बनला शेतीशास्त्र शिकला आणि 1953 मध्ये पोर्तुगीज सरकारच्याच नोकरीत या वसाहतीची शेती-गणना केली. गावोगाव फिरला. कुणाकडे किती जमीन, काय पेरतात, काय खातात, हे सगळं त्यानं मोजलं. तेव्हा निर्यातीचं पीक होतं भुईमूग. एकाच पिकाच्या मागे लागून जमीन कशी कसहीन होते, हे त्यानं स्पष्ट लिहून ठेवलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1956 मध्ये त्यानं साथीदारांबरोबर पीएआयजीसी हा स्वातंत्र्यासाठी लढणारा पक्ष काढला. 3 ऑगस्ट 1959 ला बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर पगारवाढ मागणाऱ्या गोदी कामगारांवर गोळीबार झाला, पन्नासच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर लढा शस्त्रांकडे वळला. याच काळात गोवाही पोर्तुगालच्या त्याच हुकूमशहाशी, सालाझारशी भांडत होता. 1961 मध्ये मोरोक्कोतल्या कॅसाब्लांकाला पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळी एकत्र आल्या, तेव्हा काब्रालच्या पक्षाबरोबर गोव्याची माणसंही होती. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा सुटला. गिनी-बिसाऊला मात्र 1963 पासून अकरा वर्षं जंगलात आणि खाजणात लढावं लागलं. 20 जानेवारी 1973 ला कोनाक्रीत काब्रालचा खून झाला. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला त्याच्या माणसांनी बोएच्या जंगलात स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि 1974 मध्ये पोर्तुगालला ते मान्य करावं लागलं. ज्यानं हे सारं उभं केलं, त्याला तो दिवस दिसला नाही.

पुढचा काळ थोडक्यात सांगतो, कारण तो मन खट्टू करणारा आहे. 1980 ला बंड. 1998 ला यादवी. 2003 आणि 2012 ला पुन्हा लष्कर. मधे 2009 मध्ये राष्ट्राध्यक्षांचा खून. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये निवडणुकीचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी पुन्हा लष्करानं सत्ता घेतली. दक्षिण अमेरिकेतून युरोपात जाणाऱ्या कोकेनचा हा थांबा आहे, हेही खरं. पण बाहेरच्या बातम्यांत या देशाची एवढीच ओळख उरते, याचं मला वाईट वाटतं. तिथल्या बहुतेक घरांचा संबंध कोकेनशी नाही, काजूशी आहे.

(पुन्हा बी हातात)

देशाच्या निर्यातीतले नव्वद टक्क्यांच्या आसपास पैसे या एका बीतून येतात. काब्रालनं ज्याबद्दल बजावलं होतं तेच झालं, भुईमुगाच्या जागी काजू आला. 1980 नंतर लागवड झपाट्यानं वाढली. कारण समजण्यासारखं आहे. बांध बांधायला तरुण हात लागतात, आणि तरुण शहराकडे गेले. काजूला बांध नको, पाणी नको. बाग लावली की वेचायला घरातल्या बायका-मुलं पुरतात. बोलान्या मात्र ओस पडल्या, आणि भात पिकवणारा देश तांदूळ विकत घेऊ लागला. व्यापारी गावात तांदळाची पोती आणतात आणि काजूच्या बदल्यात देतात. चांगल्या वर्षी किलोला किलो. भाव पडला की एक किलो तांदळाला दोन किलो बी, कधी त्याहून जास्त.

बी चांगली आहे, हे व्यापारी मान्य करतात. काजूच्या बाजारात 80 किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघतो यावर प्रत ठरते. इथली बी पन्नासच्या वर जाते, म्हणजे पोत्यामागे साडेबावीस किलोहून जास्त गर. पश्चिम आफ्रिकेत ही प्रत वरची धरतात.

मग ती तिथंच फोडून गर का विकत नाहीत? टरफलातलं तेल हात भाजतं, त्यामुळे भाजणं, फोडणं, साल काढणं याला सवयीचे कारागीर लागतात. कारखान्याला कर्ज लागतं, सुटी यंत्रं लागतात, आणि सगळ्यात आधी वीज. बिसाऊ शहराची वीज बंदरात उभ्या असलेल्या एका तरंगत्या वीजकेंद्रातून येत होती. ऑक्टोबर 2023 मध्ये थकबाकीमुळे पुरवठा तोडला आणि राजधानी अंधारात गेली. अशा ठिकाणी बॉयलर कोण टाकेल? म्हणून जवळजवळ सगळी बी कच्चीच भारतात आणि व्हिएतनामला जाते. फोडायची मजुरी आणि प्रतवारीचा नफा हे सगळं बीबरोबर जहाजात चढतं. आपल्याकडच्या कारखान्यांत बायकांना जे काम मिळतं, त्यातलं काही त्या जहाजातून उतरलेलं असतं. त्यांचं काम काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण त्या साखळीचं दुसरं टोक आपल्याला माहीत असावं.

बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळं, मात्र तिथंच राहतात. बायका ते पिळून रस आंबवतात, आणि हंगामात रस्त्याकडेला बाटल्या, डबे मांडून ही काजूची दारू विकतात. गोव्यात उर्राकाच्या दिवसांत जो आंबूस, गोड वास गावभर असतो, तो तिथंही असतो. बीचे पैसे बहुधा घरातल्या पुरुषाच्या हातात जातात. या रसाचे पैसे बाईचे.

हंगाम मार्च ते जून. सुरुवातीला सरकार किमान भाव जाहीर करतं. व्यापारी तो देतातच असं नाही, आणि शेतकरी थोडा थांबून बघतो. पण थांबणार किती? मेच्या अखेरीस, जूनमध्ये पाऊस येतो. लाल मातीच्या वाटा चिखल होतात, ट्रक आत यायचे बंद होतात. घरात रचलेल्या पोत्यांना ओल लागली की बी काळी पडते आणि प्रत घसरते. घरातला तांदूळ तोवर संपलेला असतो. मग पहिल्या सरीनंतर जो ट्रक दारात येईल, त्याचा भाव तो भाव.

(बी टेबलावर ठेवत)

ही बी गेल्या हंगामातली आहे. कुठल्या भावाने तिचं पोतं उचललं गेलं, ते हिच्यावर लिहिलेलं नसतं.