रात्री तीनची बेल

[दृश्य: बाळंतिणींचा वॉर्ड. दिवे मंद. एका खोलीवरचा लाल दिवा लागतो.]

रात्रीचे तीन वाजत आलेत. त्याच खोलीतून तासाभरातली ही चौथी बेल. बाळाला जन्मून अजून पुरता दिवसही झालेला नाही.

"सिस्टर, हा असा श्वास का घेतोय?"

नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. भराभर काही श्वास, मग क्षणभर विश्रांती, पुन्हा भराभर. मिनिटाला ३० ते ६० श्वास त्याच्यासाठी नेहमीचेच. एवढं सांगून सिस्टरांना जाता आलं असतं. त्या आधी स्वतः मिनिटभर बघतात. मग आईचा तळवा उचलून बाळाच्या छातीवर ठेवतात. "मोजा बघू माझ्याबरोबर."

[दृश्य: छोट्याशा छातीवर मोठा तळवा.]

बाळ रडलं की बाळंतपण पार पडलं असं आपण धरतो. फोन सुरू होतात, फोटो निघतात. या वॉर्डचं काम मात्र तिथून पुढे सुरू होतं.

पहिल्या काही तासांत सिस्टर पुन्हा पुन्हा येऊन पोट दाबून बघतात. बाळंतिणीला ते अगदी नकोसं होतं. अंग ठणकत असतं, नुकता डोळा लागलेला असतो. पण पिशवी आकसून घट्ट झाली की सैल राहिली, हे हातालाच कळतं. सैल राहिली तर रक्त जात राहतं, आणि बाळंतपणातला अतिरक्तस्राव हे जगभरात आयांच्या मृत्यूचं एक प्रमुख कारण आहे.

आता हेच पोट दोन तऱ्हांनी तपासता येतं. एक जण येते, चादर बाजूला करते, दाबते, लिहिते, जाते. दुसरी आधी हात चोळून गरम करते. "थोडं दुखेल हं, पिशवी बघते," म्हणते. तपासणी तीच, वेळ फार तर अर्धा मिनिट जास्त. पण मघाशी बाथरूममध्ये मोठी गुठळी गेली, हे बाळंतीण सांगते ते या दुसरीला. पहिलीला सांगायचं तिच्या मनात येतं आणि राहून जातं. त्या एका वाक्यामुळे पुढची धावपळ वेळेवर सुरू होऊ शकते.

अर्थात, एका सिस्टरच्या वाट्याला खाटाच फार आल्या, तर तो अर्धा मिनिट आणायचा कुठून? मायेवर भाषण देणाऱ्यांनी आधी खाटा मोजाव्यात.

[दृश्य: दुधासाठी तोंड शोधणारं बाळ.]

"दूधच येत नाहीये." ही तक्रार वॉर्डात रोजची. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, घट्टसर, पिवळसर, आणि थोडासाच. बाळालाही पहिल्या दिवशी एका वेळी काही थेंब, फार तर चमचाभर पुरतो. सिस्टर उशी सरकवतात, बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकवतात, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबतात. जमलं तर छान. नाही जमलं, किंवा आईला नकोच असेल, तर तिला अपराधी वाटू न देणं हेही त्यांचंच काम. ते जास्त अवघड.

कोपऱ्यात पिशव्या सांभाळत बाबा उभे असतात. सिस्टर त्यांना शर्टाची बटणं काढायला सांगतात आणि बाळ उघड्या छातीवर देतात. कमी वजनाच्या बाळांना असं छातीशी बांधून ऊब देण्याची पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथे काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनंही ती उचलून धरली. बाबांना यातलं काही ठाऊक नसतं. ते फक्त श्वास रोखून उभे असतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनेकींना कारण नसताना रडू येतं. बहुधा दोन आठवड्यांत ते ओसरतं. ओसरलं नाही तर नैराश्याची शंका घ्यावी लागते. त्यासाठी १९८७ पासून दहा प्रश्नांची एक एडिंबरा प्रश्नावली वापरात आहे. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. कागद सगळीकडे सारखाच असतो. त्यावर खरं उत्तर उमटणार की नाही, हे कागद कुणी हातात दिला यावर बरंच अवलंबून असतं.

[दृश्य: बंद दार. कॅमेरा बाहेरच.]

या दुसऱ्या एका खोलीतलं बाळ रडलं नाही. सिस्टरांनी त्याला कोमट पाण्यानं पुसलं, कपडे घातले, पावलांचे ठसे घेतले. नाव काय ठेवणार होता, ते विचारलं. मग बाळाला त्या नावानं हाक मारूनच आईच्या हातात दिलं. आणि घाई केली नाही. ही ड्यूटी संपवून घरी जाणं सोपं नसतं. तरी पुढे कधीतरी हे आईबाप पुन्हा येतात, त्याच सिस्टरला शोधत, कारण ते नाव मोठ्यानं घेणारं घराबाहेरचं माणूस तीच.

[दृश्य: पुन्हा रात्र. तोच कॉरिडॉर. दिवा विझलेला.]

दुसरी रात्र. तीन वाजून गेले. बेल नाही. साडेतीन. सिस्टर केसपेपर लिहिता लिहिता दोनदा त्या दिव्याकडे बघतात. शेवटी उठतात, दार बोटभर उघडतात.

बाबा खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेत. बाळ अंगावर पितंय. आई दाराकडे बघते आणि ओठांवर बोट ठेवते. आवाज करू नका, सिस्टर.