ज्याचा दहावा होत नाही

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या नाशकात घरातलं माणूस गेलं की पुढचं काही शिकवावं लागत नाही. लोक भेटायला येतात, दहाव्याला रामकुंडावर जमतात, तेराव्यापर्यंत घर रिकामं राहत नाही. पण तिसऱ्या महिन्यात पोट पडलं तर? कुणी येत नाही. चौथ्या दिवशी ती भाजी निवडताना दिसते आणि सगळे म्हणतात, सावरली बाई.

माझा अकरावा आठवडा चालू होता. शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘पपई खाल्ली होतीस का गं?’ त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण पुढे वर्षभर मीच स्वतःला विचारत राहिले: पपई, स्कूटर, की जिन्यावरून नेलेली ती पाण्याची कळशी?

म्हणून हे नीट ऐका. कळून आलेल्या 100 गर्भधारणांपैकी साधारण 10 ते 20 अशा संपतात. पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो, आणि तो बहुधा गर्भ धरतानाच आलेला असतो. कळशीने पोट पडत नाही. आपल्याच घरात हे एकदा मोठ्याने बोला, सासरी तर नक्कीच.

शरीरातली संप्रेरकं उतरायला काही आठवडे लागतात. रडू येतं, चिडचिड होते. पाचव्या महिन्यात गेलं तर दूधसुद्धा येतं, आणि याची कल्पना आधी कुणी दिलेली नसते. सातपूर-अंबडला कामाला जाणाऱ्या मैत्रिणींनो, डॉक्टरांचा दाखला दिला की सहा आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानेच मिळते. ती मागताना ओशाळू नका. झोप उडाली, जगणं नको वाटलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

आणि नवऱ्यांनाही विचारा. माझे हे तेव्हा गप्पच असायचे. यांना काही वाटलंच नाही, असं मी धरून चालले होते. पुढे गाडीच्या डिकीत, पीयूसीच्या कागदाखाली, सोनोग्राफीचा फोटो सापडला.

डॉक्टरांनी बाळंतपणाची दिलेली तारीख आली, त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, ‘चल, गंगेवर जाऊन येऊ.’ गोदावरीच्या घाटावर बराच वेळ बसलो. मग त्यांनी हळूच विचारलं, ‘नाव काय ठेवणार होतीस?’

मी सांगितलं.