पक्षासकट या

श्रोतेहो, नमस्कार.

सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता, असं आपण म्हणतो आणि म्हणताना आवाजात थोडी कीव असते, थोडी थट्टा. आज मला त्याच्याविषयीच बोलायचं आहे. नेत्यांविषयी बोलणारे खूप आहेत, संध्याकाळी कुठलंही न्यूज चॅनेल लावा.

नोव्हेंबर २०१९ मधला पहाटेचा शपथविधी आठवतो ना? मग जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. नाव कुणाचं, चिन्ह कुणाचं, याचे निकाल निवडणूक आयोगाकडून आले. यात कोण बरोबर आणि कोण चूक, याबद्दल तुमचं मत असेल, माझंही आहे, आणि ते आज बाजूला राहू द्या. मला प्रश्न पडतो तो नाना पेठेतल्या किंवा हडपसरच्या त्या पोराचा, ज्याने नेत्यापायी शेजाऱ्याशी अबोला धरला, मंडळातली खुर्ची सोडली, चुलतभावाच्या लग्नात पंगतीला बसला नाही. आणि एक दिवस टीव्हीवर बघतो, तर याचा नेता आणि त्याचा नेता एकाच सोफ्यावर. भांडण मिटलं हे याला कुणी फोन करून सांगितलंही नाही.

या माणसाची निराशा आपल्यापेक्षा मोठी आहे. आपण मत दिलं आणि घरी आलो. त्याने उन्हातान्हात फिरून मतदारांच्या चिठ्ठ्या वाटल्या होत्या.

आता पुण्यात या निराशेवर एक ठरलेलं औषध आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये पाणी, कचरा किंवा रस्त्यावरची बैठक बोलावली, की पहिलं वाक्य येतं: ‘इथे राजकारण नको हं.’ पाठोपाठ दुसरं: ‘पक्षाचे जोडे बाहेर काढून आत या.’ सगळे माना डोलावतात. मला हे औषध पटत नाही. हे बोलणारे बहुधा निवृत्त, सुशिक्षित, वेळेवर येणारे लोक असतात, त्यांचा हेतूही चांगला असतो. पण त्या वाक्यानंतर मागच्या रांगेतले दोन-तीन जण हळूच उठून जातात, आणि नेमकं त्यांनाच ठाऊक असतं की ड्रेनेजच्या कामाचा मुकादम कोण, क्षेत्रीय कार्यालयातला कनिष्ठ अभियंता कधी जागेवर सापडतो आणि ‘स’ यादीत, म्हणजे महापालिकेच्या अंदाजपत्रकातल्या प्रभागातल्या कामांच्या यादीत, आपल्या गल्लीचं काम गेल्या वर्षी का गळलं. ते गेल्यावर हॉलमध्ये उरतं एक सुंदर इंग्रजीतलं निवेदन.

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षं शहरात एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे. त्या काळात चेंबर तुंबलं, दिवा गेला, टँकर आला नाही, तर लोक कुणाकडे गेले? बऱ्याच ठिकाणी याच बिनपदाच्या कार्यकर्त्यांकडे. तेव्हा आपण त्याला पक्षाचे जोडे काढायला सांगितलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की जोडे घालूनच या. पक्षासकट या. तुमची निष्ठा, तुमचे फोन नंबर, तुमचे रुसवेफुगवे, सगळं घेऊन या. फक्त कामाची वही एकच ठेवू.

हे पुण्याला नवं नाही. केसरी आणि मराठा १८८१ मध्ये सुरू झाले आणि कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यावर केलेल्या लिखाणाबद्दल टिळक आणि आगरकर बदनामीच्या खटल्यात सापडले. जामीन हवा होता दहा हजार रुपयांचा, त्या काळातले दहा हजार. तो उभा केला रामशेठ उरवणे यांनी, आणि त्यांना तयार केलं जोतीराव फुल्यांनी. पुढे १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून सुटले, तेव्हा त्यांच्या स्वागतातही सत्यशोधक मंडळी होती. फुल्यांचं आणि टिळकांचं शिक्षणाबद्दल, जातीबद्दल काय पटत होतं? जवळजवळ काहीच नाही. जामिनानंतरही पटलं नाही.

रानड्यांशी असलेलं फुल्यांचं नातं तर आणखी मजेदार आहे. १८७५ मध्ये स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले, त्यांची मिरवणूक काढायचं ठरलं, आणि ती उधळायला विरोधकांनी एक गाढव सजवून आपली वेगळी मिरवणूक काढली. दंगा होणार हे दिसत होतं. रानड्यांनी फुल्यांची मदत मागितली आणि फुले आपले लोक घेऊन संरक्षणाला उभे राहिले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८८५ मध्ये, रानड्यांनी त्यांना ग्रंथकार सभेचं आमंत्रण पाठवलं. फुल्यांनी ते साफ नाकारलं. ज्यांना सगळ्यांचे मानवी हक्क मनापासून मान्य नाहीत त्यांच्या सभेत आमचं काय काम, अशा अर्थाचं खरमरीत पत्र लिहिलं, आणि ते छापूनही आलं.

मला दोन्ही फुले हवे आहेत, मिरवणुकीत उभे राहणारे आणि पत्र लिहिणारेही. आपल्याकडे ‘सलोखा’ म्हटलं की लोकांना वाटतं, आता कडू बोलायचं नाही, जुनं उकरायचं नाही, सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा. अशा सलोख्यात ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच गप्प बसावं लागतं.

आता १८८२ सोडून आंबील ओढ्यावर येऊ. कात्रजच्या बाजूने निघतो, धनकवडी, पद्मावती, सहकारनगर करत दांडेकर पुलाजवळून मुठेकडे जातो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो घराघरांत शिरला. अरण्येश्वरजवळ टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. विधानसभेची आचारसंहिता लागून जेमतेम चार दिवस झाले होते, उमेदवाऱ्यांची रस्सीखेच चालू होती. दुसऱ्या दिवशी चिखल उपसायला जे उतरले त्यांत वेगवेगळ्या पक्षांची पोरं होती, गणेश मंडळांची तर होतीच. कुणाच्या हातात कुणाचं फावडं होतं हे कुणी बघत नव्हतं. असं पूर आल्यावर होतंच, त्यात मला फारसं नवल वाटत नाही. नवल याचं वाटतं की पूर ओसरला की पंधरा दिवसांत तीच माणसं ‘पाहणी दौऱ्या’च्या फोटोंवरून भांडायला लागतात.

ओढा अनेक प्रभागांतून जातो. विधानसभेचे मतदारसंघही त्याच्या काठावर बदलतात. वरच्या अंगाला कुणी राडारोडा टाकला की खालच्या अंगाला पाणी चढतं, आणि वरचा नगरसेवक एका पक्षाचा, खालचा दुसऱ्या. त्यात आपल्याकडे एका प्रभागातून चार-चार नगरसेवक निवडून येतात. कामाचं श्रेय चौघांचं, तुंबलेलं चेंबर कुणाचंच नाही. अशा ओढ्याचं काम एका पक्षाच्या लोकांना करायचं म्हटलं तरी करता येणार नाही, त्यांची ओळख अर्ध्या वाटेवर संपते.

नदीचंही तेच. खडकवासल्यातून पाणी किती आणि कधी सोडायचं हे राज्याचा जलसंपदा विभाग ठरवतो, काठावरच्या लोकांना हलवायचं काम महापालिकेचं, भिडे पूल बंद करायला पोलीस. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा रहिवाशांची मुख्य तक्रार हीच होती, की सूचना वेळेवर पोहोचली नाही. आता विचार करा: एकाचा आमदाराच्या कार्यालयात वट आहे, दुसऱ्याचा क्षेत्रीय कार्यालयात, तिसऱ्याचा मेहुणा पाटबंधाऱ्यात कारकून आहे. तिघं तीन पक्षांचे. हे तिघं एका ग्रुपवर असतील तर पाणी सोडल्याचा निरोप गल्लीत पोहोचायला एक फोन पुरतो.

पण ओढ्याची गोष्ट इथे संपत नाही. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळ ओढ्याकाठच्या घरांवर कारवाई झाली, भर पावसाळ्याच्या तोंडावर, आणि न्यायालयाने ती त्याच दिवशी थांबवली. ओढा रुंद हवा, सरळ हवा असं वरच्या सोसायट्यांतले लोक म्हणत होते आणि त्यात चूक काही नव्हतं. फक्त त्या रुंदीच्या आत कुणाचं तरी स्वयंपाकघर होतं. म्हणून मी म्हणते की सर्वपक्षीय बैठक भरली एवढ्याने हुरळून जाऊ नका. पाच पक्षांचे पाच जण आले आणि पाचही जण फ्लॅटमध्ये राहणारे असले, तर ती एकाच बाजूची बैठक झाली. वस्तीतला माणूस त्यात हवा, आणि बैठक त्याला जमेल अशा वेळी हवी. सकाळी अकराला बोलावलं तर घरकाम करणारी बाई येणार कशी?

पुणे सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झाली तेव्हा एक नियम होता. सभासद व्हायचं तर किमान पन्नास लोकांचं मुखत्यारपत्र आणायचं, म्हणजे पन्नास जणांनी लिहून द्यायचं की हा आमच्या वतीने बोलेल. पुढे याच सभेत टिळकांचा आणि रानडे-गोखल्यांचा वाद झाला आणि १८९६ मध्ये रानड्यांच्या बाजूच्या मंडळींनी डेक्कन सभा काढली, ते सोडा. नियम मात्र मला आजही वापरावासा वाटतो. बैठकीला येणाऱ्याने निदान दहा घरं फिरून यावं. मग तो ‘माझं मत असं आहे’ म्हणण्याऐवजी ‘आमच्या चाळीत तीन दिवस पाणी नाही’ असं बोलायला लागतो, आणि पक्षाचं भांडण आपोआप मागे पडतं.

आता भांडण कशावरून होतं तेही सांगते, कारण ते विचारांवरून क्वचितच होतं. होतं फ्लेक्सवरून. काम झालं की रातोरात चौकात बोर्ड लागतो, वर नेत्याचा फोटो, खाली ‘यांच्या प्रयत्नांतून’. बाकीचे बघतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच, काम सुरू व्हायच्या आधी, ठरवून घ्यावं: बोर्ड लावायचा नाही, किंवा लावायचा तर सगळ्यांची नावं एकाच आकारात, फोटो कुणाचाच नाही. ऐकायला पोरकट वाटेल. पण श्रेयाचं आधी बोलून न घेतल्यामुळे मोडलेले ग्रुप कुठल्याही पेठेत सापडतील.

दुसरं, इतिवृत्त लिहावं. चार ओळींचं चालेल: कोण आलं, काय ठरलं, कोण काय करणार, कधीपर्यंत. हाताने लिहून त्याचा फोटो ग्रुपवर टाकावा. व्हॉट्सअॅपवर नेत्यांचे व्हिडिओ टाकायचे नाहीत, कुणाचेच नाहीत, अगदी कौतुकाचेही नाहीत. त्यासाठी प्रत्येकाचा वेगळा ग्रुप असतोच की! आणि पत्र द्यायचं तेव्हा एकच पत्र सगळ्यांना द्यावं, सत्ताधाऱ्यांना, विरोधकांना, आयुक्तांना, शब्दही न बदलता. कागद बघायचे असतील तर माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहेच. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फाइली बघू देण्याची पद्धत पुणे महापालिकेने सुरू केली, आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने ती जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांसाठी घेतली. ती आज चालू आहे का, ते मात्र आधी विचारून घ्या. दोन पक्षांचे दोघं मिळून एकच फाइल बघायला बसले, तर बाहेर येऊन वेगवेगळे आकडे सांगणं अवघड जातं.

या सगळ्यात मला सगळ्यात अवघड वाटतं ते वेगळंच. आपल्या पक्षाच्या नेत्याला प्रश्न विचारणं. दुसऱ्याच्या नेत्याला तर आपण झोपेतही विचारू. तुम्ही ज्यांची सतरंजी उचलता, त्यांच्यासमोर उभं राहून ‘साहेब, हे काम का झालं नाही?’ असं तुम्हीच विचारायचं, आणि समोरच्या पक्षाच्या कार्यकर्त्याने तिथे त्याच्या साहेबांना विचारायचं. बाहेरच्याने विचारलं की ते विरोधकांचं कारस्थान ठरतं. घरच्याने विचारलं की उत्तर द्यावं लागतं, निदान चहा तरी पाजावा लागतो.

एक मर्यादा मात्र हवी, आणि ती बैठकीच्या आधीच सांगून टाकावी. कुणाच्या जातीवरून, धर्मावरून, बायकांवरून गलिच्छ बोललं गेलं तर काम थांबवायचं, तिथल्या तिथे. त्यावर ‘जाऊ द्या हो, आपण ओढ्यासाठी जमलोय’ असं म्हणू नये. ज्याला ते बोलणं लागलं तो पुढच्या वेळी येणार नाही, आणि आला तरी फावडं मनापासून चालवणार नाही.

संयुक्त महाराष्ट्र समिती फेब्रुवारी १९५६ मध्ये इथेच, टिळक स्मारक मंदिरात जन्मली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, आंबेडकरांच्या पक्षाचे लोक, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे. १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि पुढे ती मंडळी पांगली. लोक ते दुःखाने सांगतात. मला त्यात दुःखासारखं काही दिसत नाही. ज्या कामासाठी जमले ते झालं. आपणही एका ओढ्यासाठी, एका बसथांब्यासाठी जमावं आणि काम झालं की आपापल्या पक्षात जाऊन खुशाल भांडावं.

जाता जाता एक उपयोगाचं सांगते. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. पदपथ, दिवे, बाक, स्वच्छतागृह, बसथांबा अशी आपल्या भागातली छोटी कामं नागरिकांनी सुचवायची. साधारण पावसाळ्यात अर्ज घेतले जातात, क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा. यंदा एकट्याने भरू नका. समोरच्या बिल्डिंगमधला तो दुसऱ्या पक्षाचा गृहस्थ आहे ना, निवडणुकीपासून ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही, त्याला विचारा की तुम्ही कुठलं काम सुचवताय. दोघांची यादी वेगळी निघाली तर आधी दिव्यावरून भांडून घ्या.

नमस्कार.