भिंतीपलीकडचं व्हेनिस

(दृश्य: सुस्काऱ्यांचा पूल, खालून जाणारे गोंडोले, उंचावलेले फोन)

व्हेनिसला आलेला माणूस तुरुंगाचा फोटो काढल्याशिवाय परतत नाही. हा पांढऱ्या दगडाचा बंदिस्त पूल १६०० च्या सुमारास बांधला. एका टोकाला डोजचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या शासनप्रमुखाचा राजवाडा, तिथे न्यायनिवाडा व्हायचा. दुसऱ्या टोकाला कोठड्या. याच राजवाड्याच्या छपराखालच्या कोठडीतून १७५६ साली प्रेमप्रकरणांसाठी गाजलेला कासानोव्हा निसटला होता. आता तिकीट काढून हे सगळं बघता येतं. चालू तुरुंग मात्र या गर्दीच्या वाटेवर लागत नाहीत. त्यातला एक पाण्यापलीकडे आहे.

(दृश्य: जुदेक्का कालवा ओलांडणारी प्रवासी बोट, घाट, विटांची उंच भिंत)

जुदेक्का. मुख्य शहरासमोर आडवं पसरलेलं बेट. इथला स्त्रियांचा तुरुंग एका जुन्या मठात आहे. देहविक्रय सोडून आलेल्या स्त्रियांसाठी सोळाव्या शतकात तो मठ होता. बायकांना भिंतीआड ठेवण्याची सवय या जागेला जुनीच म्हणायची.

(दृश्य: चॅपेलची दर्शनी भिंत. पायांचे तळवे. कॅमेरा इथे थांबतो.)

हे तळवे इटालियन कलाकार मौरित्सिओ कॅटेलान यांच्या चित्रातले. भिंतीला चिकटपट्टीनं लावलेलं ते केळं आठवतंय? २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलरला गेलं, ते यांचंच. १९९९ मध्ये उल्का अंगावर पडून आडवा झालेला पोपचा पुतळाही यांचाच. आणि त्यांना इथे बोलावलं ते व्हॅटिकननं! चित्राचं नाव ‘पिता’. मळलेले, अनवाणी दोन पाय, काळ्या-पांढऱ्यात, भिंतभर. चित्रकलेचा इतिहास जाणणाऱ्यांना यात मान्तेन्या या पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराचा निजलेला मृत ख्रिस्त दिसतो. बाकीच्यांना खूप चालून आलेल्या माणसाचे पाय दिसतात, आणि तेवढं पुरेसं आहे. एक गोष्ट नीट बघा: चित्र काढलं ते शहराच्या बाजूला. आत राहणाऱ्यांच्या वाट्याला भिंतीची मागची बाजू आली.

(दृश्य: प्रवेशद्वार, नोंदणीची रांग)

बिएनाले म्हणजे व्हेनिसचं दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, त्यात देशोदेशींची दालनं असतात. २०२४ च्या बिएनालेत व्हॅटिकननं आपलं दालनच या तुरुंगात मांडलं. शीर्षक होतं ‘माझ्या डोळ्यांनी’. आधी नाव नोंदवायचं. दारात फोन आणि ओळखपत्र जमा करायचं. मग आत जे दाखवायला यायचे ते संग्रहालयाचे कर्मचारी नसायचे, इथल्याच कैदी स्त्रिया असायच्या. चित्रांपुढे उभं राहून त्या बोलायच्या आणि शहर ऐकायचं. हा उलटा क्रम मला सगळ्या प्रदर्शनात मोलाचा वाटला.

(दृश्य: आतली अधिकृत छायाचित्रं, भरभर)

कलाकार सिमोन फत्ताल यांनी कैदी स्त्रियांनी लिहिलेल्या ओळी लाव्हाच्या फरशांवर उतरवल्या. चित्रकार क्लेर ताबुरे यांनी या स्त्रियांनी दिलेल्या जुन्या फोटोंवरून बालपणीचे चेहरे रंगवले. अंगणात निळ्या निऑनमध्ये एक वाक्य: ‘रात्री आम्ही तुमच्यासोबत आहोत’.

(दृश्य: हेलिकॉप्टर, पांढरा झगा, टाळ्या)

२८ एप्रिल. पोप फ्रान्सिस आले. बिएनालेला आलेले ते पहिले पोप, आणि त्यांचा व्हेनिसमधला पहिला थांबा हा तुरुंग. कैदी स्त्रियांना ते एकेकीला भेटले.

(दृश्य: भाज्यांचे क्रेट, तराजू, पिशव्या घेऊन आलेल्या शेजारच्या बायका)

पण जुदेक्काच्या रहिवाशांना या दाराकडे यायला पोप लागला नव्हता. तुरुंगाच्या आत सुमारे ६,००० चौरस मीटरची भाजीबाग आहे. गुरुवारी सकाळी तिथला माल दाराबाहेर विकायला येतो. आत धुलाईखाना आहे, शिवणवर्ग आहे. इथे शिवलेले कपडे कास्तेल्लो भागात ‘बांको लोत्तो’ नावाच्या दुकानात मिळतात. पूर्वी तिथे लॉटरीची तिकिटं विकली जायची.

(दृश्य: फ्लेक्सची गुंडाळी उलगडते. कात्री. शिलाई मशीन. जवळून.)

आता पुरुषांच्या तुरुंगाकडे, सांता मारिया माज्जोरेला. शहरातली प्रदर्शनं संपली की त्यांचे फ्लेक्स उतरतात. एरवी ते कचऱ्यातच जायचे. इथे ते धुतले जातात. मग टेबलावर पसरून ठरवायचं की कुठला तुकडा पुढे येईल: अर्धं अक्षर, कुणाचा डोळा, नुसता लाल रंग. त्याप्रमाणे कापायचं. हे जाड प्लास्टिक सुईखाली हट्टी असतं, कोपऱ्यावर हात सावकाश फिरवावा लागतो. एकीसारखी दुसरी पिशवी होत नाही. पिशव्यांचं नाव ‘मालेफात्ते’. हे काम चालवणारी सहकारी संस्था ‘रिओ तेरा देई पेन्सिएरी’ १९९४ पासून आहे.

(दृश्य: फ्रारी चर्चजवळचं दुकान, काचेत पिशव्या)

२०१७ च्या बिएनालेत अमेरिकेचं दालन मार्क ब्रॅडफर्ड यांच्याकडे होतं. लॉस एंजेलिसचा हा चित्रकार आईच्या केशकर्तनालयात काम करत मोठा झाला. त्यांनी दालनाबरोबरच या संस्थेशी सहा वर्षांचा करार केला आणि फ्रारीजवळ हे दुकान उघडलं. पुरुषांच्या तुरुंगातल्या पिशव्या आणि जुदेक्कात तयार होणारी साबण-क्रीम एकाच फळीवर आली. बिएनालेचे कलाकार सहा महिन्यांत सामान आवरतात. सहा वर्षं हा वेगळाच हिशेब झाला. या शहरात तुरुंगाबद्दल आस्था दाखवणाऱ्या प्रत्येक कलाकृतीला मी आधी हाच प्रश्न विचारेन: किती वर्षांसाठी?

(दृश्य: दुकानातला गल्ला, पावती)

इटलीच्या संविधानाचं २७ वं कलम म्हणतं, शिक्षेचा रोख माणूस सुधारण्याकडे हवा. २००० सालच्या एका कायद्यानं कैद्यांना काम देणाऱ्यांना करसवलत दिली. शिवणाऱ्याला पगार मिळतो, त्यातून तुरुंगातल्या राहण्याचा खर्चही कापला जातो.

(दृश्य: संध्याकाळचा घाट, परतीची बोट)

२०२४ च्या अखेरीस इटलीच्या तुरुंगांत सुमारे ५१ हजार जागांवर ६१ हजारांहून जास्त माणसं होती. व्हॅटिकनचं दालन २४ नोव्हेंबरला बंद झालं. बाग, धुलाई आणि शिवण ही कामं त्याच्या आधीपासूनची, त्याच्या भरवशावर उभी राहिलेली नव्हेत.