शिवलेला तळ

[दृश्य: कुर्ल्याजवळची ठक्कर बाप्पा कॉलनी. एका गाळ्यात जमिनीवर बसलेला कारागीर. बाजूला आरी, रापी, मेण चोळलेला दोरा. त्याच्या हातात डोंगरात वापरायचा चामडी बूट.]

हा बूट झिजलेला नाही. सोलवरची नक्षी अजून धारदार आहे, चामडं शाबूत आहे, लेस अडकवायच्या कड्यांचा रंगसुद्धा गेलेला नाही. तरी कारागिराने फटीत नुसता अंगठा घातला आणि अख्खा तळ हातात आला. आत चिकट, पिवळट भुगा.

डोंगरात बूट फाटतात हे कोणालाही पटेल. मुंबईत मात्र कितीतरी चांगले बूट माळ्यावरच्या खोक्यात पडल्या पडल्या संपतात. आणि ते कळतं ट्रेकच्या दिवशी, हरिश्चंद्रगडाच्या अर्ध्या वाटेवर, नाहीतर थेट हिमालयात, जिथे दुसरा जोड मिळणं अशक्य.

तो भुगा पॉलियुरेथेनचा आहे. बाहेरचा रबरी सोल आणि वरचं चामडं यांच्यामध्ये जो धक्का झेलणारा थर असतो, तो पुष्कळ बुटांत या फोमचा असतो. हलका, मऊ, पहिल्या दिवसापासून आरामाचा. पण हवेतला ओलावा त्याची रासायनिक साखळी हळूहळू तोडतो. याला जलविघटन म्हणतात. नेमाने वापरलेला बूट त्यातून जास्त काळ तगतो, पडून राहिलेला लवकर जातो. आपल्या शहरात जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एरवीही खारी, दमट हवा घरात असतेच. फोमसाठी याहून वाईट कोठार नाही.

म्हणून टिकाऊ बूट शोधताना सुरुवात तळापासून करायची. चामड्याकडे नंतर वळू.

[दृश्य: तीन कापलेले बूट, आडवा छेद दाखवणारे.]

पहिला आहे पेस्टिंगचा. सोल फक्त सोल्यूशनने चिकटवलेला. दुसऱ्यात वितळलेला फोम साच्यातून थेट वरच्या भागाला जोडलाय. तो बदलणं म्हणजे जवळजवळ नवा बूट बनवणं. तिसरा नीट बघा. चामड्याची एक अरुंद पट्टी बुटाच्या कडेने फिरलेली आहे. तिला वेल्ट म्हणतात. बुटाचा वरचा भाग आणि आतला तळ या पट्टीला शिवलाय, आणि खालचा थर वेगळ्या शिलाईने याच पट्टीला. बाहेरचा सोल झिजला की खालची शिलाई उसवायची, नवा सोल चढवायचा, पुन्हा शिवायचं. वरच्या चामड्याला हात लागत नाही. असा बूट दोन-तीनदा नवा तळ घेऊ शकतो.

कडेवर टाके दिसले म्हणून विश्वास ठेवू नका. पुष्कळदा ते रबराच्या साच्यातच उमटवलेले असतात. नख लावून बघा, दोरा आहे की नुसता उठाव. आणि दुकानदाराला सरळ विचारा: सोल झिजल्यावर बदलून कोण देईल? मधला थर कशाचा आहे? चामडं किंवा रबर असेल तर उत्तम. ईव्हीए फोम असेल तर तो दबून बसतो, पण ओलाव्याने भुगा होत नाही. पॉलियुरेथेन असेल तर शिलाई कितीही पक्की असो, बूट माळ्यावर टाकायचा नाही.

[दृश्य: चामड्याच्या दुकानात टेबलावर पसरलेली कातडी. बोटांनी दाबून बघणारा हात.]

आता चामडं. जनावराच्या कातड्याचा सगळ्यात वरचा थर, केसांच्या मुळांची बारीक छिद्रं असलेला, तोच सर्वांत घट्ट विणीचा. त्यालाच ग्रेन, म्हणजे दाणा, म्हणतात. तो न घासता ठेवला की फुल ग्रेन. डाग, ओरखडे लपवायला वरून घासून रंगाचा थर दिला की करेक्टेड ग्रेन. आणि कातडं जाडीत आडवं चिरून काढलेला खालचा थर म्हणजे स्प्लिट. त्यावर प्लास्टिकचा मुलामा देऊन चकचकीत बूट होतात, काही महिन्यांत घडीवर तडकतात. ‘जेन्युइन लेदर’ हा शिक्का यातल्या कशावरही बसतो, त्यावरून काही ठरवू नका. अंगठ्याने दाबून बघा. खऱ्या दाण्याच्या चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उठतात आणि सोडल्यावर विरतात. प्लास्टिकवर एक ठळक रेघ उमटते, नाहीतर काहीच उमटत नाही. डोंगरासाठी दोन ते पावणेतीन मिलिमीटर जाडी पुरे, आणि शिवण जितकी कमी तितकं बरं. प्रत्येक शिवण म्हणजे पाण्याला एक दार आणि काट्याला एक धागा.

महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हापासून इथलं कातडं मुख्यतः म्हशीचं. मुंबईतल्या कारागिरांकडे तयार चामडं चेन्नई, कानपूर, कोलकात्याहूनही येतं. म्हशीचा दाणा जाडसर असतो, दिसायला रांगडा, पण बुटाला चालतो. जड कामाच्या बुटांसाठी कानपूरचं नाव पूर्वीपासून आहे.

कमावण्याच्या दोन रीती आहेत. एक झाडांच्या सालीफळांची, दुसरी क्रोमच्या क्षाराची. पहिलीतला हिरडा आपल्याच सह्याद्रीत होतो. भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी कुटुंबं तो गोळा करतात. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्यातूनच कोल्हापुरी चप्पल होते, जिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या चामड्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण कोल्हापुरी पावसात घालू नये हे आपल्या प्रत्येक घरात सांगितलं जातं, तेच इथे लागू. बुटाच्या वरच्या भागाला क्रोमचं चामडं घ्या, ते ओलं होऊन वाळलं तरी कडक पडत नाही. आतल्या तळाला सालीने कमावलेलं असेल तर उत्तम, ते पायाचा आकार धरतं.

[दृश्य: जुन्या बुटाचा खिळे ठोकलेला तळ. मग रबरी सोलची खोल नक्षी.]

आज आपण ज्या नक्षीला ग्रिप म्हणतो, ती फार जुनी नाही. त्याआधी गिर्यारोहक चामडी तळाला लोखंडी खिळे ठोकत. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर गेलेला जॉर्ज मॅलरी तिथेच गेला. १९९९ मध्ये त्याचा मृतदेह सापडला, तेव्हा त्याच्या पायात खिळ्यांचाच बूट होता. १९३५ मध्ये इटालियन आल्प्समध्ये विताले ब्रामानीच्या गटातले सहा जण गारठून मेले. त्यांच्या पायातले बूट त्या हवेला पुरे पडले नव्हते. ब्रामानी वाचला, आणि दोन वर्षांत त्याने खोल नक्षीचा रबरी सोल आणला. त्याच्याच नावावरून तो व्हिब्रम. १९५४ मध्ये ८६११ मीटर उंचीच्या केटूवर पहिल्यांदा माणूस पोचला, तो त्याच व्हिब्रम सोलवर.

पण आपला डोंगर बेसॉल्टचा. वाळलेल्या कातळटप्प्यावर कोणताही बरा रबर धरतो. खरी परीक्षा दोन ठिकाणी. ऑक्टोबरनंतरच्या घसाऱ्यावर, जिथे मुरूम पायाखालून सरकतो. तिथे खोल नक्षी आणि टाचेची स्पष्ट कड लागते. आणि शेवाळलेल्या ओल्या दगडावर, जिथे कडक रबर साफ घसरतो. मऊ रबर तिथे थोडा धरतो, पण लवकर झिजतो. तळ बदलता येत असेल तर मऊ रबर बिनधास्त घ्या.

भर पावसाळ्यात जड चामडी बूट नकोच, हे माझं ठाम मत. गुडघाभर ओढा ओलांडला की पाणी वरून आत येतं, आणि आत जलरोधक अस्तर असेल तर तेच पाणी बाहेर जात नाही. तेव्हा पाणी गळून जाणारे हलके जोडे बरे. चामडी बूट हिवाळ्यातल्या सह्याद्रीसाठी, लांब पल्ल्याच्या घाटवाटांसाठी आणि हिमालयासाठी.

[दृश्य: घोट्याच्या वर जाणारा उंच बूट, करवंदाच्या जाळीतून पुढे सरकणारा.]

उंचीबाबत शिकाऱ्यांच्या बुटांकडे बघावं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण जिथे परवान्याने शिकार चालते, त्या आल्प्समध्ये आणि रॉकी पर्वतात माणसं पायवाट सोडून तिरक्या उतारावर तासन्‌तास चालतात आणि परतताना पाठीवर मोठं ओझं असतं. त्यांचे बूट आठ-दहा इंच उंच, तळात कडक पट्टी, खाली सभोवती रबराची पाळ. आपल्याकडे वाट सोडून चालावं लागतं ते वनरक्षकांना आणि नकाशावरून जुनी घाटवाट शोधणाऱ्यांना. करवंदाचे काटे, सुटे धोंडे आणि वाळल्या पाचोळ्यात बसलेलं फुरसं, तिन्हींसाठी घोट्यावर जाड चामडं हवं. कळसूबाईच्या शिड्यांसाठी एवढं लागत नाही.

[दृश्य: चाळीतली गॅलरी. बुटांत कोंबलेला वर्तमानपत्राचा कागद.]

परतल्यावर चिखल ओल्या फडक्याने पुसा. इनसोल काढा. आत वर्तमानपत्र कोंबा, दमट झालं की बदला. उन्हात नाही, गॅसजवळ नाही, पंख्याखाली वाळवा. पूर्ण वाळल्यावर मेणाचा पातळ हात. खोबरेल तेल चोपडू नका, चामडं मऊ पडून घोट्याचा आधार जातो. बुरशी आली तर गॅलरीत नेऊन ब्रशने झाडा, पुसा, पुन्हा वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कधीच ठेवू नका. पावसाळ्यातही मधूनमधून घालून जिना चढा-उतरा.

[दृश्य: संध्याकाळ. दुकानात उतरत्या फळीवर उभा ग्राहक.]

मापाला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकला घालता तेच मोजे घाला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, त्यात भारतीय पाऊल युरोपीय-अमेरिकी पावलापेक्षा रुंद निघालं. फर्मा म्हणजे ज्या पायाच्या आकाराच्या साच्यावर बूट बेततात तो. परदेशी फर्म्यावरचा बूट करंगळीला दाबत असेल तर एक नंबर मोठा घेऊन भागत नाही, टाच सैल पडते. रुंद फर्मा मागा, नाहीतर ठक्कर बाप्पा कॉलनीत माप देऊन बनवून घेता येतो का विचारा. लेस बांधून उतारावर उभे राहा. बोटं पुढे आपटली तर तो बूट नको. टाच थोडी उचलली जाते, ती नव्या चामड्यात पुढे बसते. फार उचलली जात असेल तर नको.

घरी आणल्यावर पहिला आठवडा फरशीवरच चाला. रस्त्यावर नेऊ नका. सोल स्वच्छ असेल तोवरच दुकानदार बदलून देतो.