दोन फेरे हातानेच

कुर्ला. सीएसटी रोडच्या मागची गल्ली. पावसाच्या पाण्याने ताडपत्रीला पोट आलंय, पोऱ्या काठीने ते वर ढकलतो. खाली चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, बॉनेट उघडं. टायमिंग बेल्ट बदलायचाय.

गॅरेजवाल्या काकांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, मग चारही प्लग काढले. प्लग निघाले की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातल्या हवेचा दाब, राहत नाही; क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला फिरता दांडा, पान्याने सहज फिरतो. सेल्फ मारायचं काम आज शेवटी.

याच कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी बनायची. तिचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व (झडपा) उघडणारा दांडा, खाली ब्लॉकमध्ये, चेनवर फिरणारा. २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. ताडपत्रीखालच्या या गाडीत कॅम वर, हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात. क्रँकशी त्याची गाठ दातेरी रबरी बेल्टने. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक.

काका डब्यातून एक जुना व्हॉल्व काढून काचेवर लोळवतात. दांडा सरळच दिसतो, पण डोकं डुगडुगतं. तो ज्या गाडीचा, तिचा बेल्ट धावताना तुटला होता. अशा इंजिनात उघडा व्हॉल्व आणि वर येणारा पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. पाळी चुकली की व्हॉल्व वाकलाच.

एक नंबरचा पिस्टन वर, कॅम पुलीची खूण हेडच्या खुणेसमोर. दोन्हीकडे पांढऱ्या रंगाचे ठिपके. बेल्ट निघतो आणि टक! व्हॉल्वच्या स्प्रिंगच्या जोराने कॅम सरकतो. तो परत फिरवायला पोऱ्या लगेच पाना उचलतो.

"थांब! एक आणि चारचे पिस्टन वर आहेत ना?"

काका आधी क्रँक पाव फेरा मागे घेतात. चारही पिस्टन मधोमध. आता कॅम फिरवला तरी व्हॉल्वला धडकायला वर काही नाही. कॅम खुणेवर आला, मग क्रँक पुन्हा जागेवर. ही दोन मिनिटं वाचवायला जाऊन हेड उतरवावं लागलेल्या गाड्या या गल्लीने पाहिल्यात.

नवा बेल्ट क्रँकपासून चढतो. ताणाची बाजू ताठ, ढील सगळी टेन्शनरकडे, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीकडे. टेन्शनरचा बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, कंपनीच्या आकड्यावर. इथे मनगटाच्या अंदाजावर काकांचाही विश्वास नाही.

आता क्रँकवर पाना. इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे, हळू. मध्येच कडक अडलं तर जोर द्यायचा नाही, तिथेच थांबायचं.

नाही अडलं. पण क्रँक खुणेवर आला आणि कॅमचा ठिपका एक दात पुढे.

काका काही बोलत नाहीत. टेन्शनर पुन्हा ढिला, बेल्ट पुन्हा बाहेर. गिऱ्हाइकाचा तिसरा फोन वाजतो, पोऱ्या उचलतो, "हो शेठ, होतंय."

या वेळी दोन फेऱ्यांनंतर ठिपक्यासमोर ठिपका. पोऱ्या प्लग उचलायला वळतो. काका पाना काढत नाहीत.

"आणखी दोन मार."